उडून गेलेली माणसे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया या राज्याच्या किनाऱ्याला लागून बेटांची एक माळ पसरलेली आहे. भरतीचे पाणी खाड्यांतून आत शिरले की या बेटांभोवतालची गवताळ दलदल चमकू लागते. ओहोटी लागली की मैलच्या मैल चिखल उघडा पडतो. ओक वृक्षांच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवरून करड्या जटांसारखी एक वनस्पती लोंबत असते. स्थळ मोठे रमणीय आहे. परंतु येथील भाताची आणि लांब धाग्याच्या कापसाची कीर्ती ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली, ती माणसे तेथे आपल्या खुशीने आलेली नव्हती.

आफ्रिकेत माणसे पकडून ती अमेरिका खंडात नेऊन विकण्याचा व्यापार साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालला होता. या काळात सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना गलबतांत चढविण्यात आले. त्यांपैकी सुमारे १८ लाख माणसे वाटेतच प्राणास मुकली. जी जिवंत उतरली, त्यांची बाजारात बोली होई. नवरा एका मळ्यावर जाई, बायको दुसऱ्या. मूल तिसऱ्याच धन्याच्या वाट्याला येई. आईबापांनी ठेवलेले नावदेखील पुसून टाकले जाई. जॉर्जियात १८२९ साली गुलामांना लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा ठरला. ज्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नाही, त्यांनी आपली बखर कथांत राखून ठेवली. त्या बखरीतील एका पानाची ही हकीकत आहे.

१८०३ सालच्या मे महिन्यात सव्हाना बंदरात सुमारे ७५ माणसांचा सौदा झाला. ही माणसे इग्बो जमातीची होती. आजच्या नायजेरिया देशाचा आग्नेय भाग हे त्यांचे मूळ घर. जॉन कूपर आणि थॉमस स्पॉल्डिंग या दोन मळेवाल्यांसाठी ती माणशी सुमारे १०० डॉलर या भावाने विकत घेण्यात आली आणि एका लहान गलबतात कोंबून सेंट सायमन्स बेटाकडे रवाना करण्यात आली. वाटेत त्यांनी बंड केले. पहाऱ्यावरचे लोक गलबतातून पाण्यात पडून बुडाले. गलबत डनबार नावाच्या खाडीत काठाला लागले. आता पुढे बेट होते, बेटावर मळे होते, आणि मळ्यांवर आसूड होते. मागे पाणी होते. इग्बो माणसे किनाऱ्यावर उतरली, आणि मळ्यांच्या दिशेने न जाता खाडीच्या दलदलीत चालत गेली.

या प्रसंगाविषयी सव्हाना येथील विल्यम मीन नावाच्या गुलामांच्या एका व्यापाऱ्याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दहाबारा जण बुडाले, असे ते पत्र सांगते. उरलेल्यांपैकी काहींना माणसे पकडून देणाऱ्यांनी चिखलातून बाहेर काढले आणि त्याबद्दल त्यांना डोईमागे १० डॉलर मिळाले, हीही नोंद त्यात आहे. बुडालेल्यांत कोण होते, त्यांची नावे काय होती, पाण्यात शिरताना ती माणसे काय बोलली, यांविषयी पत्रात अवाक्षर नाही. व्यापाऱ्याने नुकसानीचा हिशोब मांडला होता, आणि हिशोबाच्या वहीत या गोष्टींना रकाना नसतो.

वाचलेल्यांना सेंट सायमन्स आणि सपेलो या बेटांवरील मळ्यांत कामाला लावण्यात आले. त्यांनी तेथल्या लोकांना काय सांगितले असेल? त्यांची भाषा निराळी; आधीपासून तेथे असलेल्या गुलामांची भाषा निराळी. आफ्रिकेतील अनेक बोली आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून या किनाऱ्यावर एक स्वतंत्र बोली घडली होती. तिला गल्ला किंवा गीची म्हणतात, आणि ती बोलणाऱ्यांचे वंशज आजही या भागात राहतात. त्याच बोलीत, रात्री चुलीच्या उजेडात, ही हकीकत एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी गेली, आणि जाता जाता तिला पंख फुटले.

ती कथा साधारण अशी आहे :

फार पूर्वी आफ्रिकेत काही माणसांना उडण्याची विद्या अवगत होती. त्यांना पकडून गलबतांत घातले, तेव्हा त्या दाटीवाटीत त्यांचे पंख गळून पडले. पण विद्या काही जणांनी मनात जपून ठेवली. अशांपैकी काही माणसे एका मळ्यावर राबत होती. ऊन रणरणत होते. एक तरुण स्त्री पाठीशी तान्हे मूल बांधून कापसाच्या ओळीत वाकली होती. मूल भुकेने रडू लागले. तिला थांबण्याची मुभा नव्हती. मुकादमाचा आसूड आधी मुलावर आणि मग आईवर पडला. ती कोसळली. तेव्हा जवळच काम करणाऱ्या एका वृद्धाने पुढे होऊन तिच्या कानात काही शब्द उच्चारले. ते शब्द आफ्रिकेतले होते. मुकादमाला ते कळले नाहीत. ती स्त्री उठली. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर आले, मग हातभर. आणि पाहता पाहता मुलाला उराशी धरून ती कुंपणावरून, झाडांवरून, उडत निघून गेली. दुसऱ्या दिवशी उन्हाने आणखी माणसे कोसळू लागली, तेव्हा वृद्धाने त्यांच्याही कानात तेच शब्द सांगितले. मुकादम त्याला मारावयास धावला. वृद्ध हसला, मोठ्याने तो मंत्र म्हणाला, आणि शेतात जे जे कोणी तो जाणत होते ते सगळे हातातले अवजार टाकून आकाशात उठले. बगळ्यांची रांग जावी तशी ती रांग समुद्रावरून पूर्वेकडे दिसेनाशी झाली.

हीच कथा निरनिराळ्या गावी निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. कुठे ती माणसे गिधाडांसारखी घिरट्या घालून जातात, कुठे गोल रिंगण धरून वर उठतात. कॅरिबियन बेटांवर तर तिच्यात मिठाचा संबंध आला आहे. परमुलखातले मीठ ज्याने खाल्ले त्याचे शरीर जड झाले आणि त्याला उडता येईनासे झाले, असे तेथील वृद्ध सांगत. गुलामांच्या रोजच्या शिध्यात खारवलेले मासे असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेतील बोच कळते.

माणूस उडत नाही, हे या लोकांना ठाऊक नव्हते, असे समजणे हा त्यांचा अपमान होय. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी जो ती टोपली तराजूत घालतो, त्याला वजन म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही. मराठीतही मनुष्य गेला म्हणजे प्राणपाखरू उडाले असे म्हणतात. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ नेमका समजतो. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील लोकांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक होत्या, याला पुरावाही आहे.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. पुढे १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार लेखकांना काम देण्यासाठी अमेरिकेच्या सरकारने एक योजना काढली. त्या योजनेतील सव्हाना शाखेच्या लोकांनी मेरी ग्रेंजर यांच्या देखरेखीखाली किनाऱ्यावरील खेडीपाडी पालथी घातली आणि तेथील वृद्ध माणसांच्या आठवणी उतरवून घेतल्या. 'ड्रम्स अँड शॅडोज' या नावाने त्या १९४० साली प्रसिद्ध झाल्या. सेंट सायमन्स बेटावरील फ्लॉइड व्हाइट या गृहस्थाने त्यात इग्बोंची हकीकत सांगितली आहे. ते गात गात पाण्यात चालत गेले, त्यांना आफ्रिकेला परत जावयाचे होते, पण तेथवर काही ते पोहोचले नाहीत. बुडाले, एवढेच तो सांगतो. त्याच पुस्तकात डॅरियन गावचा वॉलेस क्वार्टरमन नावाचा वृद्ध आहे. तो स्वतः गुलामगिरीत जन्मलेला. मुकादम फटके मारावयास आला तेव्हा आफ्रिकी माणसे एकत्र जमली, त्यांनी आपली कुदळ जमिनीत रोवली, आणि ती उडून गेली, असे त्याने सांगितले. हे तू पाहिलेस काय, असे त्याला विचारण्यात आले. आपण पाहिले नाही, हे त्याने सरळ मान्य केले. परंतु ज्यांनी पाहिले अशी पुष्कळ माणसे आपल्या ओळखीची होती, आणि मागे उभी राहिलेली ती कुदळही त्यांनी पाहिली होती, असे तो म्हणाला.

ही कुदळ मोठी बोलकी आहे. आकाशात गेलेल्या माणसांची खूण वर राहत नाही. ती राहते शेतात, ओळीच्या मध्यावर, ताठ उभी. आणि ती पाहणारे कोण? ज्यांना तो मंत्र येत नव्हता ते. कथा सांगावयास उडालेला कोणी परत आला नाही. ही सारी कथा मागे राहिलेल्यांची आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्यांना पुन्हा त्याच ओळीत उभे राहावयाचे होते, त्यांनी ती आपल्या मुलांना सांगितली. आपल्या माणसांचा शेवट चिखलात झाला हे सांगण्यापेक्षा ती घरी गेली असे सांगणे त्यांना अधिक खरे वाटले असले, तर त्यांना दोष कोण देईल? कूपर आणि स्पॉल्डिंग यांचा पैसा त्या दिवशी बुडाला एवढे व्यापाऱ्याने लिहिले. माणसे विकत घेतली तरी ती आपली होत नाहीत, हे मात्र कथेनेच लिहून ठेवले.

ओहायो राज्यात पेरी नावाचे एक कुटुंब होते. त्यातील लेव्ही पेरी याला त्याच्या आईने लहानपणी व्हर्जिनिया राज्यातील गुलामगिरीतून पळवून आणले होते. मोठा झाल्यावर तो दरवर्षी आपल्या दहा मुलांना समोर बसवून स्वतःच्या सुटकेची हकीकत सांगत असे. तसा प्रसंग त्यांच्यावर कधी येऊ नये, हा त्याचा हेतू. या लेव्हीच्या नातीचे नाव व्हर्जिनिया हॅमिल्टन (१९३४–२००२). आजोबा ज्या राज्यातून पळाले त्याच राज्याचे नाव नातीला ठेवले होते. अशा घरात वाढलेली मुलगी पुढे लेखिका झाली, यात नवल नाही. कृष्णवर्णीयांच्या २४ लोककथा निवडून त्यांनी १९८५ साली एक संग्रह सिद्ध केला. त्यातील शेवटची कथा हीच, आणि तिच्यावरूनच संग्रहाला 'द पीपल कुड फ्लाय' हे नाव दिले. कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९७७ सालच्या 'साँग ऑफ सॉलोमन' या कादंबरीत आणि जूली डॅश यांनी १९९१ सालच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट' या चित्रपटात हाच धागा हाती घेतला आहे.

हॅमिल्टन यांच्या संग्रहाची चित्रे लिओ आणि डायन डिलन या दांपत्याने काढली. लिओ यांचे आईवडील त्रिनिदाद बेटावरून आलेले कृष्णवर्णीय, तर डायन या कॅलिफोर्नियातील श्वेतवर्णीय. दोघांची गाठ न्यूयॉर्कच्या कलाशाळेत पडली आणि १९५७ साली त्यांचा विवाह झाला. त्यांची काम करण्याची रीत आगळी होती. एकच चित्र दोघांच्या हातांतून पुनःपुन्हा जाई. एकाने रेघ ओढावी, दुसऱ्याने ती पुढे न्यावी, आणि अखेर कोणती रेघ कोणाची हे दोघांनाही सांगता येऊ नये. आपल्यातून एक तिसराच चित्रकार निर्माण होतो, असे ती म्हणत. अनेकांच्या तोंडून घडलेल्या कथेला असे चित्रकार लाभावेत, हा योग चांगला जुळला. आतील चित्रे काळ्यापांढऱ्या रंगांत आहेत. हॅमिल्टन यांच्या मृत्यूनंतर, २००४ साली, या एकाच कथेचे स्वतंत्र पुस्तक निघाले. त्या वेळी डिलन दांपत्याने ती पुन्हा, या खेपेस पूर्ण रंगांत, चितारली.

कथेने कागदावर येण्यापूर्वी कापडावर येण्याची या लोकांची वहिवाट जुनी आहे. मळ्यावरील स्त्रिया जुन्या कपड्यांची ठिगळे जोडून गोधड्या शिवीत. जॉर्जियातच १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाईने १८८६ साली कापसाच्या एका प्रदर्शनात एक गोधडी मांडली. तिच्यावर बायबलातील कथा कापडाच्या आकृती कापून, टाके घालून जडविल्या होत्या. एका चित्रकार बाईने ती मागितली. पॉवर्स यांनी ती विकण्यास नकार दिला. चारपाच वर्षांनी घरची परिस्थिती बिघडली, तेव्हा नाइलाजाने त्यांनी ती ५ डॉलरना दिली. पण देताना प्रत्येक चौकटीची कथा तोंडी सांगून ती लिहून घ्यावयास लावली. ती गोधडी आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. येथे महाराष्ट्राच्या जवळचे एक उदाहरणही आठवते. पोर्तुगीज अमलात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे पळून उत्तर कन्नडच्या रानात गेले, त्यांचे वंशज सिद्दी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या स्त्रियाही रंगीबेरंगी ठिगळांच्या 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात. दोहोंचा परस्परसंबंध सांगता येत नसला, तरी ऊब आणि शोभा या दोन्ही गोष्टी चिंध्यांतून काढण्याची हातोटी दोन्हीकडे सारखीच आहे.

फेथ रिंगगोल्ड यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात झाला. त्यांच्या आजीची आजी सूझी शॅनन ही गुलामगिरीत जन्मलेली आणि गोधड्या शिवणारी. आई विली पोझी कपडे बेतण्यात निष्णात. फेथ मात्र तैलरंगांत मोठमोठ्या चौकटींवर चित्रे काढीत. १९७२ साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांनी तिबेटी थांगके पाहिले. कापडावर चित्र, त्याला कापडाचीच किनार, आणि हवे तेव्हा ते गुंडाळून नेता येते, हे पाहून त्यांना आपला मार्ग सापडला. १९८० साली आईच्या मदतीने त्यांनी पहिली गोधडी केली. पुढच्याच वर्षी आई वारली. त्यानंतर त्यांनी गोधडीवर चित्राबरोबर कथाही लिहावयास सुरुवात केली. याला एक व्यावहारिक कारणही होते : त्यांचे आत्मचरित्र छापावयास कोणी प्रकाशक पुढे येत नव्हता. तेव्हा जे कोणी छापीत नाही ते आपण शिवावे, असे त्यांनी ठरविले.

'टार बीच' ही त्यांची गोधडी १९८८ सालची. उंची सुमारे १९० सेंटिमीटर, रुंदी सुमारे १७४. सभोवार फुलाफुलांच्या चिटांचे चौकोन; वर आणि खाली कथेच्या ओळी लिहिलेल्या पट्ट्या; मध्ये रंगविलेली एक उन्हाळी रात्र. हार्लेममधील एका इमारतीची डांबरी गच्ची आहे. समुद्रकाठी जाण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांचा तोच किनारा. मोठी माणसे टेबलाभोवती पत्ते खेळत बसली आहेत, दुसऱ्या टेबलावर खाण्याचे पदार्थ मांडले आहेत, दोरीवर कपडे वाळत आहेत. कॅसी नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ बी बी अंथरुणावर पडून वर पाहत आहेत. दूरवर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे दिवे लुकलुकत आहेत, आणि त्या पुलावर, ताऱ्यांच्या मधोमध, तीच कॅसी उडत आहे.

कथेतील साल १९३९ आहे. कॅसी आठ वर्षांची. तो पूल बांधण्यात तिच्या वडिलांचे हात लागलेले आहेत. परंतु कामगार संघटनेत त्यांना प्रवेश नाही, कारण त्यांच्या वडिलांचे नाव तेथे नव्हते. आणि वडिलांचे का नव्हते, तर त्यांच्या वर्णाच्या माणसाला तेथे घेतच नसत. संघटनेची नवी इमारत उभी राहत आहे, तिच्यावरही ते काम करतात. पण आत बसण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून कॅसी त्या इमारतीवरून उडते, आणि उडाली म्हणजे ती इमारत वडिलांच्या नावावर होते. आइस्क्रीमच्या कारखान्यावरूनही उडण्याचा तिचा बेत आहे, म्हणजे घरी रोज रात्री आइस्क्रीम मिळेल. मुलीच्या मागण्या अशाच असावयाच्या.

जुन्या कथेतील माणसे उडून समुद्रापार गेली, ती परत आली नाहीत. कॅसीला कोठेही जावयाचे नाही. घर येथेच आहे, पूल येथेच आहे, आणि तो तिच्या बापाने बांधला आहे. ती वर जाते, घिरटी घालते, आणि गच्चीवर परतते. शिवाय तिची विद्या गुप्तही नाही. आईला सांगून टाकीन, असा धाक भाऊ घालतो. तेव्हा उडणे काही अवघड नाही असे सांगून ती त्यालाही आपल्याबरोबर घेऊन जाते. गोधडीवरची ही कथा १९९१ साली मुलांचे पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाली आणि घरोघरी वाचली गेली. मूळ गोधडी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

रिंगगोल्ड यांनी उडणारी माणसे पुन्हा एकदा काढली, ती १९९६ साली. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्याखाली भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. त्याच्या दोन्ही फलाटांच्या भिंतींवर काचेचे रंगीत तुकडे जडवून त्यांनी चित्रे केली. त्या भागातील नामवंत लेखक, गायक, खेळाडू आणि पुढारी हार्लेमच्या इमारतींवरून, नाट्यगृहांवरून हात पसरून उडत आहेत. रिंगगोल्ड २०२४ साली वारल्या. डनबार खाडीजवळ १८०३ सालच्या प्रसंगाची खूण म्हणून २०२२ साली एक फलक उभारण्यात आला आहे. न्यूयॉर्कच्या त्या स्थानकात मात्र अशा फलकावाचूनच, गाडीची वाट पाहणारे उतारू आपल्या पिशव्या सांभाळीत भिंतीकडे पाहतात. गाडी येते, ते आत चढतात, आणि काचेची माणसे जमिनीच्या पोटात उडत राहतात.